यादी एकच असावी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी 'माझं काम' या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकानं वीस मिनिटांत आपण रोज काय करतो ते सांगायचं, आणि असं सांगायचं की गणिताच्या सरांपासून चित्रकलेच्या बाईंपर्यंत सगळ्यांना समजेल. माझ्या आधी आपले डॉक्टर बोलले, कांद्याचे व्यापारी बोलले, एसटीतले मित्र बोलले. त्यांचं काम डोळ्यांना दिसतं. माझी पंचाईत अशी की माझं काम दाखवता येत नाही. मी यंत्रांच्या पोटात चालणारे प्रोग्रॅम लिहितो. डेअरीवर दूध मोजणारं यंत्र, कारखान्यावरचा वजनकाटा, अशा यंत्रांत एक छोटी चिप असते, तिनं काय करायचं ते लिहून द्यायचं. हे लिहिण्याची भाषा आहे सी. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती तयार केली. म्हणजे आपल्या तुकडीतल्या बहुतेकांपेक्षा ती दोन-तीन वर्षांनी मोठी आहे, आणि आपल्यासारखीच अजून कामावर आहे.

या कामातला एकच लहानसा प्रश्न मी आज घेतला आहे. यंत्राला आकडे कळतात, माणसाला नावं कळतात. आकडा आणि नाव यांची जोडी कायम बरोबर कशी ठेवायची? ऐकायला हा प्रश्न पोरकट वाटतो. पण त्यानं एका बाईची इज्जत जाताना मी पाहिली आहे. ते पुढे सांगतो.

आधी आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करू. वर्गात दोन प्रकारचे नंबर होते. एक हजेरीपटातला. तो दरवर्षी आडनावांच्या क्रमानं नव्यानं पडायचा. सर नंबर पुकारायचे, आपण 'हजर' म्हणायचो. वर्षाच्या मध्येच कुणाच्या वडिलांची बदली होऊन नवा मुलगा वर्गात आला, तर त्याचं आडनाव काहीही असो, त्याला सगळ्यात शेवटचा नंबर मिळायचा. आपल्याला तेव्हा वाटायचं, हा अन्याय आहे. पण त्याला आडनावाच्या जागी घुसवला असता तर त्याच्या पुढच्या सगळ्यांचे नंबर एकानं सरकले असते, आणि चाचणीच्या गुणांच्या कागदावर जुने नंबर तसेच राहिले असते. पवारचे गुण पाटीलला गेले असते. दुसरा नंबर जनरल रजिस्टरचा. शाळेत पहिल्या दिवशी मिळाला तो दाखल्यावरही तोच. नावात दुरुस्ती झाली, आडनाव बदललं, तरी तो नंबर हलत नाही. आपल्या गुरुजनांना हे शहाणपण कुणी संगणकवाल्यानं शिकवलेलं नव्हतं. उलट आम्ही लोक हे शहाणपण महागात शिकतो.

आता सी भाषेत काय होतं ते सांगतो. समजा डेअरीच्या यंत्रात दुधाचे प्रकार नोंदवायचे आहेत. प्रोग्रॅममध्ये आम्ही एक यादी लिहितो: गाय, म्हैस. या प्रकारच्या यादीला 'एनम' म्हणतात. कंपायलर, म्हणजे आमचं लिखाण चिपला समजेल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम, या यादीतल्या पहिल्या नावाला ० देतो, दुसऱ्याला १, पुढच्याला २. आम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर हाच क्रम. लिहिताना आम्हाला 'गाय' असा शब्द वापरता येतो, म्हणून वाचायला सोपं जातं. पण कंपायलरचं काम संपलं की चिपमध्ये शब्द उरत नाही, फक्त आकडा उरतो. शेतकऱ्याच्या पावतीवर 'गाय' छापायचं असेल, तर यंत्राला विचारून उपयोग नाही. त्याला फक्त ० माहीत आहे. जावा किंवा पायथनसारख्या नंतरच्या भाषांमध्ये अशा यादीतल्या प्रत्येकाला स्वतःचं नाव आठवतं. सी मध्ये ती सोय नाही.

मग आम्ही काय करतो? दुसरी यादी लिहितो. छापायच्या नावांची. तिच्यात पहिल्या जागी 'गाय' हा शब्द, दुसऱ्या जागी 'म्हैस' हा शब्द. आकडा ० असेल तर पहिल्या जागचं नाव छापायचं, १ असेल तर दुसऱ्या जागचं. झालं काम. आता दोन याद्या झाल्या, आणि त्या दोन्ही एकाच क्रमात राहतील हे बघणारं कुणी नाही. कंपायलरला त्यांचा संबंध माहीत नाही. तो संबंध फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात आहे. लिहिणारा नोकरी सोडून गेला की तोही गेला.

आता ती घटना सांगतो. काही वर्षांपूर्वी पारनेर तालुक्यातल्या एका गावातून मला बोलावणं आलं. दूध संकलन केंद्रावरच्या यंत्राबद्दल तक्रार होती. यंत्र आमचं नव्हतं, ज्या कंपनीचं होतं तिचं नाव घ्यायची गरज नाही. मला एक तिऱ्हाईत म्हणून बघायला बोलावलं होतं. केंद्रावर एक मावशी बसून होत्या. दोन म्हशी होत्या त्यांच्या, गाय नव्हतीच. वीस वर्षं त्याच केंद्रावर दूध घालत होत्या. त्यांच्या हातात पावत्यांचा गठ्ठा होता, आणि गेल्या चार दिवसांच्या पावत्यांवर दुधाचा प्रकार छापला होता, 'मिश्र'.

शहरातल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. डेअरीवर मात्र त्याचा अर्थ सरळ आहे. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ या प्रतीवर दर ठरतो, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ वर. गाईपेक्षा म्हशीला दर जास्त. म्हशीच्या नावावर मिसळलेलं दूध घालणारा माणूस म्हणजे लबाड. मावशींच्या मागे रांगेत उभ्या असलेल्यांनी ती पावती वाचली होती. मावशी मला म्हणाल्या, "दादा, पैशाचं राहू द्या. माझ्या दुधात मिसळलंय असं या कागदावर का लिवलं, तेवढं सांगा."

शोध घेतला तेव्हा कारण सापडलं. काही केंद्रांवर गाय आणि म्हैस यांचं एकत्र दूध वेगळं नोंदवायची मागणी होती. म्हणून यंत्राच्या नव्या प्रोग्रॅममध्ये तिसरा प्रकार घातला गेला, 'मिश्र'. ज्यानं आकड्यांच्या यादीत तो घातला, त्यानं गाय आणि म्हैस यांच्या मध्ये घातला. त्याला ती जागा योग्य वाटली असावी, मिश्र म्हणजे दोघांच्या मधलं. त्यामुळे गाय ०, मिश्र १ आणि म्हैस २ झाली. छापायच्या नावांच्या यादीत मात्र कुणीतरी नवा शब्द शेवटी लिहिला: गाय, म्हैस, मिश्र. दोन्ही याद्यांत तीन-तीन नोंदी. मोजून पाहणाऱ्याला सगळं बरोबर दिसणार. पण म्हशीचा आकडा २, आणि २ च्या जागी नाव 'मिश्र'.

चाचणीत हे का सापडलं नाही, हा प्रश्न मलाही पडला. चाचणी गाईच्या दुधावर झाली होती. गाय दोन्ही याद्यांत पहिली होती, ती बरोबरच छापली जाणार.

आणखी एक गोष्ट त्याच्या आत दडलेली होती, आणि ती जास्त वाईट होती. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. प्रोग्रॅम बदलला तेव्हा दहापैकी सहा दिवस होऊन गेले होते. त्या सहा दिवसांच्या नोंदी यंत्राच्या साठ्यात होत्या, आणि साठ्यात नाव नसतं, आकडाच असतो. तेव्हा म्हैस म्हणजे १. नव्या प्रोग्रॅमच्या मते १ म्हणजे मिश्र. म्हणजे पहिल्या सहा दिवसांच्या म्हशीच्या दुधाला मिश्र दुधाचा दर लागणार होता. नंतरच्या चार दिवसांत हिशेब बरोबर होता आणि नाव चुकीचं होतं. आधीच्या सहा दिवसांत पावतीवर नाव बरोबर होतं आणि हिशेब चुकणार होता. बिल निघायच्या आधी हे सापडलं, म्हणून पैसे वाचले. केंद्रचालकांनी मावशींना सगळ्यांसमोर सांगितलं की दोष यंत्राचा आहे, आणि जुन्या पावत्या परत घेऊन नव्या हातानं लिहून दिल्या. मला वाटतं, त्या गावात यापेक्षा जास्त काही करता आलं नसतं, आणि यापेक्षा कमीही करून चाललं नसतं.

आता यावर उपाय काय? आमच्या धंद्यात चार उपाय आहेत. मी त्यांची नावं सांगतो, पण प्रत्येक उपाय काय पकडतो आणि काय सोडतो तेवढंच लक्षात ठेवा.

पहिला उपाय मोजणीचा. आकड्यांच्या यादीच्या शेवटी एक जादा नोंद ठेवायची, 'एकूण'. ० पासून मोजत आल्यामुळे तिचा आकडा आपोआप वरच्या नोंदींच्या संख्येइतका येतो. मग कंपायलरलाच सांगायचं, नावांच्या यादीची लांबी 'एकूण'इतकी नसेल तर पुढे जाऊच नकोस. २०११ मध्ये सी भाषेचं जे प्रमाण ठरलं त्यात अशी अट घालायची सोय आहे. यानं विसरलेली नोंद पकडली जाते. पण क्रम चुकला तर कळत नाही. मावशींची पावती या उपायानं सुटली नसती, कारण तिथे मोजणी बरोबरच होती.

दुसरा उपाय जागा सांगून लिहिण्याचा. नावांच्या यादीत नुसतं 'म्हैस' लिहायचं नाही. 'म्हैस या आकड्याच्या जागी म्हैस हे नाव' असं लिहायचं. ही सोय १९९९ च्या प्रमाणात आली. मग नोंदी कुठल्याही क्रमानं लिहा, प्रत्येक नाव आपल्या जागी जाऊन बसतं. हजेरीपटात नाव लिहिण्याआधी नंबर लिहिण्यासारखंच हे. क्रमाची चूक यात होऊच शकत नाही. पण मधलं एखादं नाव लिहायचं राहिलं तर ती जागा रिकामी राहते, आणि कंपायलर काही बोलत नाही. रिकाम्या जागेचं नाव छापायला गेलं की यंत्र काहीही करू शकतं, बंदसुद्धा पडतं.

तिसरा उपाय प्रश्नोत्तराचा. यादी ठेवायचीच नाही. 'आकडा गाईचा असेल तर हे छाप, म्हशीचा असेल तर ते छाप' असं एकेक उत्तर लिहायचं. यातली खुबी अशी की 'बाकी काहीही असेल तर' हे सरसकट उत्तर लिहायचं नाही. ते लिहिलं नाही, तर एखादा प्रकार राहून गेल्यावर चांगला कंपायलर इशारा देतो: अमुकचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. असा इशारा आला की काम थांबवायचं, असंही कंपायलरला बजावून ठेवता येतं. पाच-दहा प्रकार असतील तर मला हा उपाय सगळ्यात आवडतो. नवखा मुलगाही तो वाचू शकतो.

चौथा उपाय एकाच यादीचा. पहिल्या तीन उपायांत याद्या दोन आहेत आणि आपण त्यांच्यावर पहारा ठेवतो. चौथ्यात यादी एकच. एका ओळीत दोन रकाने: पहिल्यात प्रोग्रॅमचा शब्द, दुसऱ्यात पावतीवर छापायचं नाव. कंपायलरचं मुख्य काम सुरू होण्याआधी सी मध्ये एक प्राथमिक फेरी असते, तिला प्रीप्रोसेसर म्हणतात. ती मजकूर नुसता कापून चिकटवते. तिला आधी सांगायचं, या यादीतला फक्त पहिला रकाना घे आणि आकड्यांची यादी कर. नंतर सांगायचं, त्याच यादीतला दुसरा रकाना घे आणि नावांची यादी कर. आपण निकालपत्रकावर फूटपट्टी ठेवून एकदा नावं वाचायचो आणि एकदा गुण, तसंच. याला एक्स-मॅक्रो म्हणतात. नवा प्रकार आला तर एकच ओळ वाढवायची. दोन्ही याद्या आपोआप सारख्या वाढतात. दोन्हींत फरक पडायला जागाच नाही. जगभर वापरला जाणारा जीसीसी हा कंपायलर स्वतःच्या पोटातल्या लांबलचक याद्या अशाच वेगळ्या फायलींत एकदाच लिहून ठेवतो, आणि लागेल तिथे त्यातून हवे ते रकाने काढून घेतो.

मग सगळे हाच का वापरत नाहीत? कारण तो वाचायला अवघड आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही यादी नेमकी कशाची? आकड्यांची यादी शोधायला गेलं तर ती कुठेच लिहिलेली सापडत नाही, ती तयार होते. तीन प्रकारांसाठी हे म्हणजे दोन माणसांच्या चहासाठी भटारखाना लावणं. पण यादी लांब असेल, सतत वाढणारी असेल, चार जणांचा हात तिला लागणार असेल, तर थोडा त्रास सोसून यादी एकच ठेवावी असं माझं मत आहे.

याच प्रीप्रोसेसरमध्ये एक आयती सोयही आहे. हॅशचं चिन्ह शब्दाच्या आधी लावलं की तो शब्द अवतरण चिन्हांत जाऊन बसतो, म्हणजे छापता येतो. १९८९ च्या पहिल्या प्रमाणापासून ही सोय आहे. आळशी माणसाला वाटतं, मग दुसरा रकाना लिहायचाच कशाला? प्रोग्रॅमचा शब्दच छापू. इथे माझा आग्रह आहे की असं करू नये. प्रोग्रॅममधला शब्द आम्हा लोकांसाठी असतो, पावतीवरचं नाव मावशींसाठी. संगणकावर एखादी फाइल सापडली नाही की जो संदेश येतो तो तुम्ही पाहिला असेल. लिनक्सवर त्या चुकीचा आकडा आहे २. प्रोग्रॅमरसाठी तिचं एक आखूड, मोठ्या इंग्रजी अक्षरांतलं टोपणनाव आहे. वापरणाऱ्यासाठी पूर्ण वाक्य आहे, आणि ते वाक्य दुसऱ्या भाषेतही दाखवता येतं. आकडा, आतलं नाव, बाहेरचं नाव, या तीन वेगळ्या वस्तू आहेत. बाहेरचं नाव बदलू शकतं. आकडा बदलायचा नाही.

हे शेवटचं वाक्य आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला तरी वेगळं समजावून सांगायला नको. चौंडीला ३१ मे २०२३ रोजी, अहिल्यादेवींच्या जयंतीच्या दिवशी, मुख्यमंत्र्यांनी जिल्ह्याच्या नव्या नावाची घोषणा केली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली, ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव अधिकृतपणे बदललं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचंही. आपल्या सगळ्यांच्या दहावीच्या कागदांवर 'अहमदनगर' आहे, आपल्या मुलांच्या नव्या कागदांवर 'अहिल्यानगर' येणार. आणि आपण बोलताना पूर्वीही 'नगर' म्हणत होतो, आताही 'नगरला चाललोय' असंच म्हणतो. एका जिल्ह्याची तीन बाहेरची नावं झाली.

आकड्यांचं काय झालं? गाडीच्या पाटीवर एमएच-१६ होतं, तेच आहे. शहराचा पिन कोड ४१४००१ होता, तोच आहे. ज्या प्रोग्रॅममध्ये जिल्हा आकड्यानं साठवला होता आणि नाव एका यादीत एकाच ठिकाणी लिहिलं होतं, तिथे हा बदल म्हणजे एका ओळीचं काम. जिथे जिल्ह्याचं नाव अक्षरांनी शंभर ठिकाणी लिहून ठेवलं होतं, तिथे शंभर ठिकाणी शोधाशोध. त्यात इंग्रजी स्पेलिंगची गंमत वेगळीच. जनगणनेच्या इंग्रजी कागदांत 'अहमद' लिहिताना 'एम'नंतर 'ए' हे अक्षर आहे, आपण सगळे 'ई' लिहीत आलो. अक्षरांची तुलना करणाऱ्या यंत्राला हे दोन वेगळे जिल्हे वाटतात.

माझ्या भाचीचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज अशाच कारणानं अडला होता. रहिवासाचा दाखला जुना, त्यावर जुनं नाव. अर्जाच्या यादीत फक्त नवं नाव. प्रोग्रॅम दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहायचा आणि 'जिल्हा जुळत नाही' म्हणून अर्ज परत करायचा. मुलगी जन्मापासून एकाच घरात राहते, जिल्हा हलला नाही, तिनं काही खोटं लिहिलं नाही. शेवटी एका कारकुनानं दोन्ही कागद डोळ्यांनी पाहून अर्ज पुढे पाठवला, तेव्हा काम झालं. माणसाला जे एका क्षणात कळतं ते यंत्राला कळावं, म्हणून कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं की ही दोन नावं एकाच आकड्याची आहेत. जुनं नाव पुसून टाकून भागत नाही. अमुक तारखेपर्यंत हे नाव, त्यानंतर ते, अशी नोंद त्याच ओळीत लागते. कारण जुने कागद माणसांच्या कपाटात अजून पन्नास वर्षं राहणार आहेत.

नाव हीच ओळख धरली तर दुसरी अडचणही येते. आपल्या जिल्ह्यात कर्जत तालुका आहे, रायगड जिल्ह्यातही कर्जत तालुका आहे. पुणे जिल्ह्यात खेड आहे, रत्नागिरी जिल्ह्यातही खेड आहे. नुसत्या नावावरून यंत्राला काय कळणार?

आणि आकडे देतानाही घाई करायची नसते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ३५ जिल्ह्यांना ४९७ ते ५३१ असे सलग नंबर आहेत. नंदुरबार ४९७, ठाणे ५१७, पुणे ५२१, आपण ५२२, बीड ५२३, शेवटी सांगली ५३१. अगदी आमच्या एनमसारखी यादी. मग १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. समजा एखाद्या उत्साही माणसानं पालघरला ठाण्याच्या शेजारी ५१८ नंबर देऊन घुसवलं असतं, तर पुढचे सगळे एकानं सरकले असते. पुणे ५२२ झालं असतं. जुन्या नोंदींत ५२२ म्हणजे आपण. म्हणजे एका रात्रीत आपण सगळे पुणेकर! (हे ऐकून काही जणांना आनंद झालेला दिसतो, पण विचार करा.) डेअरीच्या यंत्रात 'मिश्र' मध्ये घुसल्यावर नेमकं हेच झालं होतं. म्हणून जो आकडा एकदा कुठे साठवला गेला, तो कायमचा दिला गेला असं समजायचं. नव्याला शेवटचा किंवा वेगळा आकडा द्यायचा. एखादी नोंद बंद झाली तर तिचा आकडा दुसऱ्याला द्यायचा नाही, जागा रिकामी ठेवायची. यादीतला प्रत्येक आकडा स्वच्छ लिहून ठेवायचा, कंपायलरच्या मोजणीवर सोडायचा नाही.

संकेताला अर्थ चिकटवू नये, असंही मी नव्या मुलांना सांगतो. मुंबईच्या मुख्य स्थानकाचा रेल्वेतला संकेत सीएसटीएम होता. २०१७ मध्ये नावात 'महाराज' आलं आणि संकेतही सीएसएमटी झाला, कारण तो नावाच्या अक्षरांवरूनच केलेला होता. नाव बदललं की असा संकेत खोटा वाटायला लागतो. ५२२ या आकड्याला काहीच अर्थ नाही, म्हणून त्याला कुठलंही नाव जड होत नाही.

आता हे सगळं आपल्याला कशासाठी सांगितलं? कारण आपल्या तुकडीचंही एक काम माझ्याकडे दिलं आहे, संपर्क यादीचं. माझ्याकडे तीन याद्या आल्या आहेत. एक शाळेच्या नोंदीवरून केलेली, एक मोबाईलच्या गटातली, एक कालच्या जेवणाच्या नोंदणीची. तिन्हींत माणसांची संख्या वेगळी आहे. आपल्या काही मैत्रिणी पहिल्या यादीत माहेरच्या नावानं आहेत, दुसरीत सासरच्या, आणि तिसरीत मुलांनी लावलेल्या नावानं. एक मैत्रीण तीन बायका झाली आहे. दोन मित्रांची नावं आणि आडनावं सारखी, त्यामुळे दुसऱ्या यादीत दोघांचा मिळून एकच माणूस झाला आहे.

मी सुचवतो ते असं. एकच यादी करू. प्रत्येकाला एक नंबर, जो पुढे कधीच बदलायचा नाही आणि दुसऱ्याला द्यायचा नाही. जे आपल्यातून गेले त्यांचेही नंबर तसेच राहतील. नंबरापुढे शाळेतलं नाव, त्यापुढे आज तुम्हाला ज्या नावानं हाक मारलेली आवडते ते नाव. हे दुसरं नाव ज्याचं त्यानं सांगायचं, समितीनं ठरवायचं नाही. मोबाईलचा गट, जेवणाची नोंदणी, पुढच्या स्मरणिकेतली पानं, सगळं त्या एका यादीतूनच काढायचं. कुणाचा पत्ता बदलला तर त्या यादीतच बदलायचा, दुसरीकडे कुठे नाही. बाहेर टेबलावर कागद ठेवला आहे. जाण्याआधी प्रत्येकानं आपली ओळ वाचून सही करावी. सर आणि बाईंनाही विनंती आहे, आमची शाळेतली नावं आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त चांगली आठवतात, तेव्हा एकदा नजर टाकावी.